अर्धशिशीवर ॲक्युपंक्चर : विश्वासाचे किती, विज्ञानाचे किती?

सकाळी जाग येते ती कपाळाच्या एका बाजूला बसणाऱ्या ठोक्यांनीच. खिडकीतून येणारा कोवळा प्रकाश डोळ्यांना सोसवत नाही, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज कानांवर घण पडावेत तसा वाटतो आणि फोडणीच्या वासाने पोटात ढवळून येते. खोलीत अंधार करावा, डोक्याला घट्ट फडके बांधावे आणि कोणी हाकही मारू नये, एवढीच इच्छा उरते. पूर्वी घराघरांतून अशा वेळी सुंठ उगाळून कपाळावर लेप घातला जात असे. मराठीत या दुखण्यास ‘अर्धशिशी’ असे अन्वर्थक नाव आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचे वर्णन ‘अर्धावभेदक’ या नावाने आढळते, तर आज ते ‘मायग्रेन’ म्हणून सर्वपरिचित आहे.

जगभरात सुमारे शंभर कोटी लोकांना हा विकार आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक असून त्याचा जोर असतो तो ऐन कर्तृत्वाच्या वयात, म्हणजे संसार, नोकरी, मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते ही सारी ओझी एकाच वेळी खांद्यावर असताना. मायग्रेनने प्राण जात नाही. जातात ते दिवस. महिन्याकाठी चार-पाच दिवस अंथरुणात गेले, की वर्षाचे दोन महिने आयुष्यातून वजा होतात. वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो. पण महिन्यातून दहा-पंधरा दिवस त्या घेण्याची सवय जडली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, असा विचित्र पेच निर्माण होतो. अशा अवस्थेत कोणीतरी सुचविते, “एकदा सुयांचा उपचार करून पाहा.” हा सल्ला ऐकावा की ऐकू नये, या प्रश्नाचे शक्य तितके प्रामाणिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

मायग्रेनचे अंतरंग

प्रत्येक डोकेदुखी ही मायग्रेन नव्हे. मायग्रेनचा झटका उपचाराविना सामान्यतः ४ ते ७२ तास टिकतो. बहुधा डोक्याच्या एकाच बाजूस ठसठसणारी मध्यम ते तीव्र वेदना, जिने चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही तिच्यात होणारी वाढ, मळमळ किंवा उलटी आणि प्रकाश व आवाज यांचा असह्य त्रास ही त्याची प्रमुख लक्षणे होत. काहींना वेदनेपूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा दृष्टीचा काही भाग अंधुक होतो. या पूर्वसूचनेस ‘ऑरा’ असे म्हणतात.

डोक्यातील रक्तवाहिन्या प्रसरण पावल्यामुळे मायग्रेन होतो, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होती. आज हा मूलतः मज्जासंस्थेचा विकार मानला जातो. ज्या व्यक्तीचा मेंदू जन्मतःच अधिक संवेदनशील आहे, तिला झोपेतील अनियमितता, उपवास, मानसिक ताण, मासिक पाळीच्या सुमारास होणारे संप्रेरकांतील बदल अथवा प्रखर ऊन यांपैकी एखादे कारणही पुरेसे ठरते. चेहरा आणि मेंदूची आवरणे यांच्या संवेदना वाहून नेणारी ‘ट्रायजेमिनल’ अर्थात त्रिशाखी मज्जातंतूची यंत्रणा उत्तेजित होते. तिच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे रसायन स्रवते आणि वेदनेचे चक्र सुरू होते. या रसायनाला लक्ष्य करणारी पहिली प्रतिबंधक औषधे २०१८ साली प्रचारात आली. या संशोधनाचा पाया घालणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ‘ब्रेन प्राइझ’ हा मेंदूविज्ञानातील प्रतिष्ठेचा पुरस्कार देण्यात आला.

मायग्रेनच्या उपचारांचे दोन भाग पडतात. एक, आलेला झटका शमविणे. दुसरा, झटक्यांची संख्या कमी करणे. ॲक्युपंक्चरचा विचार प्रामुख्याने दुसऱ्या, म्हणजे प्रतिबंधक उपचारात होतो. ही गोष्ट प्रारंभीच लक्षात घेतली, तर पुढील निराशा टळते. डोके फुटत असताना धावत जाऊन घेण्याचा हा उपचार नव्हे. काही आठवडे नियमितपणे घेऊन पुढील महिन्यांची स्थिती सुधारावी, हा त्याचा हेतू असतो.

चीनमधून भारतात

ॲक्युपंक्चरची मूळ भूमी चीन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकग्रंथात या पद्धतीचे विवेचन आहे. शरीरात ‘छी’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की रोग उद्भवतो आणि त्या मार्गांवरील विशिष्ट बिंदूंत सुई टोचली असता प्रवाह पूर्ववत होतो, अशी त्यामागील पारंपरिक धारणा आहे. मान्यताप्राप्त बिंदूंची संख्या ३६१ आहे. मायग्रेनसाठी कवटीच्या तळाशी मानेच्या दोन्ही बाजूंना असलेला ‘फेंग-छी’, कानावरचा ‘श्वाय-गू’, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील ‘हे-गू’ अशा बिंदूंची निवड केली जाते. सुई केसाहून थोडी जाड आणि पोकळी नसलेली असते. तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. साधारणतः वीस ते तीस मिनिटे सुया ठेवून त्या काढून घेतल्या जातात.

ही विद्या भारतात कशी आली, त्याची कथा एका महाराष्ट्रीय नावाशी जोडलेली आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक होते. जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असतानाच १९४२ मध्ये चीनच्या भूमीवर त्यांचे निधन झाले. याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू मायदेशी परतले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी कलकत्त्यात त्याचा उपयोग सुरू केला. भारतातील ॲक्युपंक्चरचा आरंभ त्यांच्यापासून मानला जातो.

परंपरा प्राचीन आहे, एवढ्यावरून उपचार गुणकारी ठरत नाही आणि ‘छी’ प्रयोगशाळेत सापडत नाही, एवढ्यावरून तो निरुपयोगीही ठरत नाही. कसोटी एकच : उपचार घेतलेल्यांची स्थिती, तो न घेतलेल्यांहून खरोखर सुधारते काय? या कसोटीवर ॲक्युपंक्चरला मोठ्या प्रमाणावर घासून पाहिले ते जर्मनीने, आणि त्याचे निमित्त वैद्यकीय होते तसेच आर्थिकही होते.

विमाकारांनी विचारलेला प्रश्न

जर्मनीत बहुसंख्य नागरिकांना वैधानिक आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील हजारो डॉक्टर ॲक्युपंक्चर करू लागले होते आणि रुग्णांची मागणीही मोठी होती. विमा निधी हा अखेर सर्वांच्या वर्गणीचा पैसा. तो या उपचारावर खर्च करावा की नाही, असा प्रश्न विमा संस्थांसमोर उभा राहिला. तेव्हा २००० च्या सुमारास असा निर्णय झाला, की जुनाट डोकेदुखी, कंबरदुखी आणि सांधेझीज या तक्रारींपुरता उपचाराचा खर्च प्रायोगिक योजनेखाली द्यावा आणि त्या आधारे मोठ्या शास्त्रीय चाचण्या घ्याव्यात.

मायग्रेनच्या पहिल्या महत्त्वाच्या चाचणीत ३०२ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाला पारंपरिक बिंदूंवर ॲक्युपंक्चर देण्यात आले. दुसऱ्या गटाला ‘लुटुपुटीचे’ ॲक्युपंक्चर मिळाले. म्हणजे सुया टोचल्या, परंतु त्या बिंदू नसलेल्या जागी आणि वरवर. तिसऱ्या गटाला प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले. आपल्याला कोणत्या प्रकारच्या सुया टोचल्या जात आहेत, हे पहिल्या दोन गटांतील रुग्णांना ठाऊक नव्हते. आठ आठवड्यांत बारा वेळा उपचार झाले.

२००५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सर्वांनाच बुचकळ्यात टाकणारे होते. चार आठवड्यांतील मध्यम व तीव्र डोकेदुखीचे दिवस खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात सरासरी २.२ ने कमी झाले. लुटुपुटीच्या गटातही ते बरोबर २.२ नेच घटले. प्रतीक्षायादीतील रुग्णांत ही घट केवळ ०.८ होती. ज्यांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले, अशा रुग्णांचे प्रमाण या तीन गटांत अनुक्रमे ५१, ५३ आणि १५ टक्के होते.

दुसरी चाचणी त्याहून मोठी होती. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रकाशित झाले. ९६० रुग्णांच्या या चाचणीत तिसऱ्या गटाला प्रतीक्षेत न ठेवता मायग्रेनची प्रस्थापित प्रतिबंधक औषधे देण्यात आली. सुमारे सहा महिन्यांनी पाहता मायग्रेनचे दिवस खऱ्या ॲक्युपंक्चरने २.३, लुटुपुटीच्या ॲक्युपंक्चरने १.५ आणि औषधांनी २.१ ने कमी झाल्याचे आढळले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या तिन्हींत लक्षणीय फरक नव्हता. या चाचणीतील आणखी एक तपशील बोलका आहे. गट ठरताच १२५ जणांनी चाचणीतून अंग काढून घेतले आणि त्यांपैकी १०६ जण औषधांच्या गटातील होते. रुग्णांचा ओढा आधीपासून कोणत्या बाजूस होता, हे यावरून स्पष्ट होते.

एका आकड्याचे दोन अर्थ

या निष्कर्षांकडे दोन बाजूंनी पाहता येते. शंकेखोर म्हणतो, “खोट्या सुयांनीही तेवढाच गुण येत असेल, तर बिंदूंचे शास्त्र पोकळ आहे.” समर्थक उत्तर देतो, “उपचार न घेणाऱ्यांपेक्षा तिपटीहून अधिक रुग्णांना निम्मा आराम मिळाला आणि तो प्रस्थापित औषधांच्या तोडीचा ठरला, हे कसे नाकारणार?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. सुई विशिष्ट बिंदूवरच टोचली पाहिजे काय, हा पहिला प्रश्न. सुयांचा उपचार घेतल्याने रुग्णाचे दिवस वाचतात काय, हा दुसरा. जर्मन चाचण्यांनी पहिल्याचे उत्तर बहुतांशी ‘नाही’ असे आणि दुसऱ्याचे ‘होय’ असे दिले.

पुढील संशोधनाने हे चित्र थोडे अधिक स्पष्ट केले. वैद्यकीय पुराव्यांचा साकल्याने आढावा घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये २२ चाचण्या आणि ४,९८५ रुग्णांची माहिती एकत्र केली. ज्यांची डोकेदुखी निम्म्याने कमी झाली, अशांचे प्रमाण ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांत ४१ टक्के, तर तो न घेता नेहमीचेच उपचार चालू ठेवणाऱ्यांत १७ टक्के होते. खऱ्या व लुटुपुटीच्या सुयांची तुलना केलेल्या चाचण्यांत हे प्रमाण ५० विरुद्ध ४१ टक्के आढळले. म्हणजे फरक आहे, पण लहान आहे. प्रतिबंधक औषधांशी तुलना करता तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६ टक्के असा कौल ॲक्युपंक्चरच्या बाजूने पडला. सहा महिन्यांनी मात्र ५९ विरुद्ध ५४, म्हणजे जवळपास बरोबरी झाली. औषधांच्या तुलनेत दुष्परिणामांमुळे उपचार सोडणाऱ्यांची संख्या ॲक्युपंक्चरमध्ये कमी होती.

२०२० मध्ये चीनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात पूर्वी कधीही ॲक्युपंक्चर न घेतलेले १५० रुग्ण निवडण्यात आले होते आणि लुटुपुटीच्या गटासाठी त्वचेत न शिरणारी, केवळ टेकणारी सुई वापरण्यात आली होती. आठ आठवड्यांत वीस उपचार झाल्यानंतरच्या पाठपुराव्यात, चार आठवड्यांमागे मायग्रेनचे दिवस खऱ्या गटात ३.९ ने, तर लुटुपुटीच्या गटात २.२ ने घटले. त्वचेत न शिरणाऱ्या सुईशी तुलना होताच दोहोंतील अंतर वाढले, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

सुई शरीरात काय करीत असावी?

सुईच्या परिणामांची उकल एका सूत्रात होत नाही. त्वचेपासून मेंदूपर्यंत चार पायऱ्यांवर तिचा विचार करावा लागतो.

पहिली पायरी सुईच्या टोकापाशीच आहे. सुई शिरताच तेथील पेशींना सूक्ष्म इजा होते. २०१० साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, सुई फिरविल्यानंतर त्या जागी ‘ॲडिनोसिन’ या नैसर्गिक वेदनाशामक द्रव्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढल्याचे आढळले. हे द्रव्य ज्या ग्राहकांवर कार्य करते, ते नसलेल्या उंदरांना सुईचा उपयोग झाला नाही. तथापि, हा परिणाम सुईच्या आसपासचा आहे. हातात टोचलेल्या सुईने डोके का थांबावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसरी पायरी मज्जारज्जूची. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला, की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना वाटेत एक ‘फाटक’ लागते आणि इतर संवेदनांनी ते काही अंशी बंद होऊ शकते. ठेच लागताच आपण नकळत पाऊल चोळतो, ते याचमुळे. मायग्रेनच्या बाबतीत एक विशेष गोष्ट आहे. चेहऱ्याकडून येणारा त्रिशाखी मज्जातंतू आणि मानेच्या वरच्या भागातील मज्जातंतू यांचे संदेश मेंदूच्या मुळाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. मायग्रेनमध्ये अनेकांची मानही आखडते, त्याचे कारण हेच. मानेवरील ‘फेंग-छी’ बिंदूवर दिलेली संवेदना थेट याच केंद्रात पोहोचते. मात्र त्या बिंदूच्या बोटभर अलीकडे वा पलीकडे सुई टोचली, तरी ती बहुधा याच वाटेने जाणार.

तिसरी पायरी मेंदूतील रसायनांची. शरीर स्वतःच अफूसदृश वेदनाशामके तयार करते, हे १९७५ च्या सुमारास सिद्ध झाले. पाठोपाठ १९७७ मध्ये असे दिसून आले, की अफूचा परिणाम रोखणारे ‘नालोक्सोन’ हे औषध दिल्यास ॲक्युपंक्चरमुळे आलेली बधिरता कमी होते. याचा अर्थ सुईमुळे ‘एंडॉर्फिन’ वर्गातील द्रव्ये स्रवत असावीत. याखेरीज शरीराच्या एका भागातील टोचणी दुसऱ्या भागातील वेदना दाबून टाकते, अशी एक यंत्रणाही मेंदूच्या मुळाशी कार्यरत असते. परंतु एंडॉर्फिनचा प्रभाव काही तासांत ओसरतो, तर मायग्रेनमधील सुधारणा काही महिने टिकते. वारंवार मिळणाऱ्या सौम्य चेतनेमुळे अतिसंवेदनशील मज्जासंस्था हळूहळू स्थिरावते, असे अनुमान केले जाते. त्याचा निर्णायक पुरावा मिळणे अद्याप बाकी आहे.

चौथी पायरी मनाची, आणि ती दुय्यम समजण्याचे कारण नाही. शांत खोलीत अर्धा तास पहुडणे, आपली तक्रार कोणीतरी लक्षपूर्वक ऐकून घेणे, सुया टोचण्याचा विधी आणि ‘आता बरे वाटेल’ ही अपेक्षा या साऱ्यांचा वेदनेवर प्रत्यक्ष परिणाम होतो. मायग्रेनच्या प्रतिबंधक उपचारांच्या अनेक चाचण्यांचे २०१३ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. औषधरहित गोळीने सुमारे २२ टक्के रुग्णांना गुण आला, तर लुटुपुटीच्या ॲक्युपंक्चरने ३८ टक्क्यांना. याचा अर्थ रुग्णांचे दुखणे काल्पनिक होते, असा मुळीच नाही. अपेक्षा ही मेंदूतीलच क्रिया असून वेदनेचे नियमन करणारी केंद्रेही तेथेच आहेत.

आता जर्मन कोड्याचा उलगडा बराचसा होतो. लुटुपुटीची म्हणून टोचलेली सुईदेखील त्वचेत शिरत होती. ती मज्जातंतूंना चेतवीत होती आणि रुग्णाच्या अपेक्षेलाही बळ देत होती. ती औषधरहित गोळीसारखी निष्क्रिय नव्हती. त्वचेत न शिरणारी सुई वापरताच चिनी चाचणीतील अंतर वाढले, हे याच्याशी सुसंगत आहे. थोडक्यात, सुईच्या टोचण्याला काही अर्थ आहे, विधीलाही अर्थ आहे. बिंदूच्या अचूक जागेला मात्र परंपरा देते तेवढे महत्त्व नसावे.

विमाकाराचा निर्णय आणि रुग्णाचा निर्णय

जर्मनीने अखेर काय केले? २००६ मध्ये तेथील निर्णयाधिकारी समितीने जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्यांची झीज यांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च विम्यातून देण्यास मान्यता दिली आणि २००७ पासून ती अमलात आली. मायग्रेनला मात्र ही मान्यता मिळाली नाही. प्रस्थापित उपचारांपेक्षा ॲक्युपंक्चर सरस असल्याचे सिद्ध झाले नाही, हे त्यामागील कारण होते. ब्रिटनने निराळा विचार केला. तेथे ४०१ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रकाशित झालेल्या पाहणीत, ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांना वर्षभरात डोकेदुखीचे सरासरी २२ दिवस कमी सोसावे लागले आणि आजारपणाच्या रजाही १५ टक्क्यांनी घटल्या. या पाहणीत लुटुपुटीचा गट नव्हता. पण खर्चाच्या मानाने लाभ वाजवी असल्याचे तिच्या आर्थिक विश्लेषणात आढळले. पुढे २०१२ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकेने अशी शिफारस केली, की ठरावीक प्रतिबंधक औषधे लागू पडली नाहीत किंवा देणे योग्य नसले, तर ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० वेळा ॲक्युपंक्चर देण्याचा विचार करावा.

दोन्ही देशांसमोर पुरावा जवळपास एकच होता. निर्णय भिन्न झाले, कारण प्रश्न भिन्न होते. ‘हा उपचार इतरांहून सरस आहे काय?’ असे जर्मन समितीने विचारले. ‘इतर मार्ग खुंटल्यावर याचा उपयोग होईल काय?’ असे ब्रिटिश मार्गदर्शिकेने विचारले. मायग्रेनने गांजलेल्या व्यक्तीचा प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो. ज्यांना प्रतिबंधक औषधांनी ग्लानी येते, वजन वाढते किंवा रक्तदाब उतरतो, त्यांच्यासाठी तुल्यबळ आणि अल्प दुष्परिणामांचा पर्याय हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

सुई टोचून घेण्यापूर्वी

भारतात केंद्र शासनाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्र या राज्यांनी त्यासाठी स्वतंत्र कायदेही केले. तरीही ‘आयुष’ या नावात ज्या पद्धती अंतर्भूत आहेत, त्यांत ॲक्युपंक्चरचा उल्लेख नाही. आपल्या आरोग्य विम्यात हा खर्च मिळेलच, असे गृहीत न धरता पॉलिसीच्या अटी आधी वाचाव्यात. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च अनेक पॉलिसींत समाविष्ट नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे निदान प्रथम डॉक्टरांकडून करून घ्यावे. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा वाचा अडखळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, वयाच्या पन्नाशीनंतर अथवा गरोदरपणी प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी यांपैकी काहीही असल्यास सुयांकडे नव्हे, तर तत्काळ रुग्णालयाकडे वळावे.

उपचारक नोंदणीकृत आणि प्रशिक्षित असावा. सुया निर्जंतुक, आपल्यासमोर पाकीट फोडलेल्या आणि एकदाच वापरावयाच्या असाव्यात, कारण वापरलेल्या सुयांतून काविळीच्या घातक विषाणूंचा संसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, रक्तस्रावाचा विकार असल्यास किंवा गरोदरपण असल्यास ते आधीच सांगावे. गरोदरपणी ‘हे-गू’सारखे काही बिंदू परंपरेनेही वर्ज्य मानले आहेत. किंचित रक्त येणे, जागा काळीनिळी पडणे किंवा भोवळ येणे हे किरकोळ त्रास संभवतात. गंभीर इजा क्वचितच होते. चालू औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत आणि ‘मायग्रेन मुळापासून घालवून देऊ’ अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

सर्वांत उपयुक्त साधन मात्र कोणत्याही दवाखान्यात विकत मिळत नाही. ते म्हणजे साधी वही. उपचार सुरू करण्यापूर्वी किमान महिनाभर रोज नोंद ठेवावी : डोके दुखले काय, किती तास, किती तीव्र, गोळ्या किती घेतल्या. उपचारांच्या काळात आणि त्यानंतर दोन-तीन महिने ही नोंद चालू ठेवावी. समजा, महिन्याला सहा दिवस दुखणारे डोके चारच दिवस दुखू लागले, तर वर्षाला चोवीस दिवस पदरात पडले. त्यांच्यासमोर उपचाराचे शुल्क, प्रवास आणि मोडलेला वेळ मांडला, की जमाखर्च आपोआप स्पष्ट होतो. आठ-दहा बैठकांनंतरही वहीत फरक दिसत नसेल, तर पुढील बैठकांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. स्मरणशक्तीवर मात्र विसंबू नये. बरे वाटलेला एखादा दिवस आणि फार दुखलेला एखादा दिवस यांपलीकडचे ती फारसे टिपून ठेवीत नाही.

मायग्रेनचा समूळ नाश करणारा उपचार आज ना औषधांत आहे, ना सुयांत. नियमित झोप, वेळेवर जेवण, व्यायाम आणि गोळ्यांवरील संयम हा पाया भक्कम असेल, तर त्यावर प्रतिबंधक औषध उभे राहते, तसेच ॲक्युपंक्चरही. सुई नेमकी कशी उपयोगी पडते, याविषयीचा वाद शास्त्रज्ञांमध्ये आणखी काही काळ चालेल. अंधाऱ्या खोलीत जाणारे दिवस कमी झाले की नाही, याचा निवाडा मात्र रुग्णाला स्वतःच्या वहीवरून आजच करता येतो.